मेश बारीक केला की तुळई लवकर का मोडते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका मच्छीमार जेटीच्या तुळईचं संगणकावर मॉडेल केलं, म्हणजे तिचे छोटे तुकडे (एलिमेंट) पाडले; त्या तुकड्यांची जाळी म्हणजे मेश. काँक्रीट एम३० (दाबातली ताकद ३० न्यूटन प्रति चौरस मिमी), क्यूबचे, म्हणजे ठोकळे दाबून केलेल्या चाचणीचे, निकाल हाताशी. सॉफ्टवेअरला ताणातली ताकद दिली आणि ती ओलांडल्यावर ताण कसा उतरतो त्याचा आलेख दिला. एलिमेंट ४० मिमीचे असताना तुळईने जेवढा भार घेतला, त्याहून २० मिमीला कमी घेतला, १० मिमीला आणखी कमी. शिवाय तडा दर वेळी एलिमेंटच्या एकाच रांगेतून सरळ वर गेलेला. जेटीवरचा खरा तडा मात्र वेडावाकडा, खडीला वळसे घालत गेलेला. मग या तीन उत्तरांतलं खरं कोणतं?

तिन्ही बाजूला ठेवा. सॉफ्टवेअर ठीक आहे आणि तुमची बेरीज-वजाबाकीही ठीक आहे. मॉडेलला एक गोष्ट कुणी सांगितलेलीच नाही, ती म्हणजे लांबी. काँक्रीटच्या पोटात त्याची स्वतःची एक लांबी असते, खडीच्या आकारातून आणि तडा उघडायला लागणाऱ्या ऊर्जेतून आलेली. ती तुम्ही दिली नाहीत तर संगणक तुमच्या एलिमेंटचीच लांबी काँक्रीटची समजून चालतो. म्हणून मेश बदलला की काँक्रीटच बदलतं.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका बंदराच्या दुरुस्तीचा अहवाल मी तयार केला होता. २५ मिमीचा मेश होता आणि सॉफ्टवेअरमधला तयार आलेख जसाच्या तसा घेतला होता. आमच्या वरिष्ठांनी चित्रं पाहिली आणि एवढंच विचारलं, "मेश अर्धा करून पाहिलास का?" त्या रात्री बसून केला. तुळईची ताकद इतकी खाली आली की ज्या आकड्यावर सगळी दुरुस्ती बेतली होती तोच उरला नाही. अहवाल मागे घ्यावा लागला. तेव्हापासून मेशची कसोटी झाल्याशिवाय तड्याचं एकही चित्र मी कुणापुढे ठेवत नाही.

आता आत काय घडतं ते बघू. तडा पसरायला ऊर्जा लागते, हा विचार ग्रिफिथ यांनी १९२१ साली काचेवरच्या प्रयोगांतून मांडला. पण काचेतल्या तड्याचं टोक अणकुचीदार असतं. काँक्रीटमध्ये टोक असं सापडतच नाही. पुढे काही सेंटिमीटरच्या पट्ट्यात केसासारख्या बारीक भेगा पडलेल्या असतात, मागे उघडलेल्या भेगेच्या दोन्ही काठांत खड्या अजून अडकलेल्या असतात आणि त्या काठांना धरून ठेवतात. स्वीडनमधल्या लुंड इथे हिलरबॉर्ग, मोडेर आणि पीटरसन यांनी १९७६ मध्ये हे मॉडेलमध्ये आणलं. तडा पडला म्हणजे ताण लगेच शून्य होत नाही, तो भेगेच्या रुंदीनुसार हळूहळू उतरतो, असं त्यांनी मांडलं. त्या उतरत्या आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे फ्रॅक्चर एनर्जी, एक चौरस मिलिमीटर तडा पूर्ण उघडायला लागणारी ऊर्जा.

तुमच्याच एम३० वर हिशेब करू. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकातल्या सूत्राने लवचिकतेचा गुणांक ५००० गुणिले ३० चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे २७,४०० न्यूटन प्रति चौरस मिमी. थेट ताणातली ताकद २.८ धरू (त्याच आयएसमधला ०.७ गुणिले वर्गमूळ, म्हणजे ३.८, हा वाकवतानाचा आकडा आहे, तो इथे घालू नका). फ्रॅक्चर एनर्जी ०.१ न्यूटन प्रति मिमी. गुणांक गुणिले एनर्जी, भागिले ताकदीचा वर्ग, असं केलं की साधारण ३५० मिमी येतात. हीच ती लांबी. जवळपास एका हाताएवढी आहे. म्हणून हातभर खोलीच्या तुळईला काचेचे नियम लावले तर फसगत होते, आणि दहा मीटरच्या भिंतीला फक्त ताकदीचे नियम लावले तरी फसगत होते. बाझांट यांनी १९८४ मध्ये आकाराच्या परिणामाचा जो नियम दिला तो या दोन टोकांमधला पूल आहे. लहान नमुन्यावर मोजलेली ताकद मोठ्या बांधकामाला जशीच्या तशी लागू होत नाही, ती कमी भरते.

याच आकड्यांतून आणखी एक गोष्ट निघते. आलेख सरळ रेषेत उतरतो असं धरलं तर काठांमधला ताण शून्य व्हायला भेग दुप्पट एनर्जी भागिले ताकद, म्हणजे ०.०७ मिमी उघडावी लागते. केसाची जाडी. त्याहून बारीक भेगेतून काँक्रीट अजून ताण पलीकडे पोचवत असतं. डोळ्याला दिसणारी भेग दिसेपर्यंत बरंच काही घडून गेलेलं असतं, ही गोष्ट साइटवर पाहणी करतानाही उपयोगी पडते.

तुमच्या मॉडेलमधली चूक आता नेमकी दिसेल. तुम्ही उतरता आलेख ताण आणि स्ट्रेन (मूळ लांबीच्या मानाने झालेली वाढ) यांच्यात दिला. तडा एका एलिमेंटमध्ये साठतो, म्हणून खर्च होणारी ऊर्जा म्हणजे आलेखाखालचं क्षेत्रफळ गुणिले एलिमेंटची रुंदी. ४० चा २० केला की काँक्रीट निम्म्या ऊर्जेत फाटतं. १० केला की पाव ऊर्जेत. मेश शून्याकडे नेला तर तडा फुकटात पडतो. बाझांट आणि ओह यांनी १९८३ मध्ये यावर जो उपाय दिला त्याला क्रॅक बँड म्हणतात, आणि तो पाच मिनिटांत करता येतो. आलेखाची शेवटची स्ट्रेन एलिमेंटच्या रुंदीप्रमाणे बदलायची. आपल्या आकड्यांत १० मिमीच्या एलिमेंटला ती ०.००७१ येते, ४० मिमीला ०.००१८. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आलेख स्ट्रेनऐवजी भेगेच्या रुंदीवर किंवा थेट फ्रॅक्चर एनर्जीवर देण्याची सोय असते, ती निवडा. वरची मर्यादाही लक्षात असू द्या. एलिमेंट त्या लांबीच्या दुप्पट, म्हणजे इथे ७०० मिमीपेक्षा मोठा झाला की आलेख मागे वळतो, म्हणजे ताणाबरोबर स्ट्रेनही कमी होऊ लागते, आणि हिशेब निरर्थक होतो.

एवढं केलं की भाराचे तिन्ही आकडे जवळ येतील. पण तडा सरळच जाईल, कारण तडा एलिमेंटच्या कडेला समांतर जायला ओढ घेतो. चौकोनी मेशमध्ये तो तिरका जाऊ लागला की पट्ट्याची रुंदी एलिमेंटच्या बाजूएवढी राहत नाही, कर्णाच्या दिशेने जास्त होते, आणि ऊर्जेचा हिशेब पुन्हा बिघडतो. मेश तीस अंश फिरवून तेच गणित परत चालवा. तडा मेशबरोबर फिरला तर तो तुमच्या मेशचा तडा आहे, काँक्रीटचा नाही.

खरा तडा वाकडा का जातो हे कळायला एक गोष्ट जरूर करा. प्रयोगशाळेत मोडलेल्या तुळईचे दोन तुकडे उन्हात नेऊन तोंडाशी तोंड न लावता शेजारी ठेवा. एका तोंडावर काळ्या दगडाची खडी वर आलेली दिसेल आणि दुसऱ्या तोंडावर बरोबर त्याच जागी तिचा साचा, आतून गुळगुळीत, साखरेच्या पाकातून बदाम काढल्यासारखा. खडी फुटलेली नाही, ती सिमेंटपासून सुटली आहे. बेसाल्टची खडी नेहमीच्या मसाल्यापेक्षा, म्हणजे सिमेंट-वाळूच्या मिश्रणापेक्षा, खूप कणखर असते, आणि खडीभोवतीचा वीस ते पन्नास मायक्रॉनचा पापुद्रा सगळ्यांत कच्चा. तडा तोच धरून जातो. आता जांभ्याचा चिरा फोडून बघा. तिथे तडा भोकाभोकांतून वाट काढतो, कारण चिऱ्याच्या पोटातच कच्च्या जागा पसरलेल्या आहेत. दोन्ही पदार्थ ठिसूळ आणि असमान, पण असमानता निराळी, म्हणून मॉडेलही निराळं लागतं.

ही असमानता मॉडेलमध्ये घालायची पद्धत अशी. खडीच्या चाळणीच्या निकालाप्रमाणे संगणकाकडून वेगवेगळ्या आकाराचे बहुभुज दगड तयार करून घ्यायचे. मोठे आधी टाकायचे, मग लहान, आणि एक दुसऱ्यावर चढत नाही ना हे दर वेळी तपासायचं. ४.७५ मिमीच्या खालचं सगळं मसाल्यात धरायचं, नाहीतर दगडांची संख्या हाताबाहेर जाते. मसाला, दगड आणि दोघांमधला सांधा अशी तीन द्रव्यं होतात. सांध्याचा पापुद्रा इतका पातळ की त्याचा मेश करता येत नाही, म्हणून तिथे शून्य जाडीचे इंटरफेस एलिमेंट बसवतात आणि त्यांना मसाल्याहून कमी ताकद देतात. आपण क्रशरची टोकदार खडी वापरतो, तेव्हा गोल दगड टाकू नका; कोपऱ्यांवर ताण साठतो आणि तडा बहुधा तिथूनच सुरू होतो.

दुसरी वाट जाळीची, म्हणजे लॅटिसची. काँक्रीटचा ठोकळा म्हणजे हजारो बारीक दांड्यांचं जाळं असं धरायचं. दांडी दगडात पडली तर तिला दगडाची ताकद, मसाल्यात पडली तर मसाल्याची, सीमेवर पडली तर सांध्याची. थोडा भार लावायचा, जिचा ताण तिच्या ताकदीच्या सगळ्यांत जवळ आला ती दांडी काढून टाकायची, आणि पुन्हा गणित. एका वेळी एकच दांडी. कल्पना जुनी आहे. ह्रेनिकॉफ यांनी १९४१ मध्ये सलग पदार्थाच्या जागी दांड्यांचा सांगाडा घेतला होता. काँक्रीटच्या तड्यांसाठी ती श्लांगेन आणि फान मिअर यांनी १९९२ मध्ये नीट वापरली. मला ही पद्धत मनापासून आवडते, कारण तडा कुठून सुरू झाला, कोणत्या दगडाशी थांबला आणि कुठे फाटा फुटला हे सगळं दांडी-दांडीने वाचता येतं. तिच्या दोन उणिवा मात्र आहेत. दांड्या नियमित त्रिकोणांत मांडल्या तर तडा त्या रेषांवरून धावतो, म्हणून मांडणी विस्कळीतच घ्यावी. आणि सपाट, दोन मितींतलं मॉडेल खऱ्याहून जास्त ठिसूळ वागतं, कारण खऱ्या काँक्रीटमध्ये तडा दगडाला कागदाच्या आत-बाहेरही वळसा घालतो आणि ती सगळी ऊर्जा सपाट चित्रात हरवते. वेळ आणि मशीन असेल तर तीन मितींत जा.

पेरिडायनॅमिक्स आणि फेज-फील्ड या तड्यांच्या गणिताच्या नव्या पद्धतींचं नाव आता सगळीकडे ऐकू येतं. दोन्ही उत्तम आहेत, फाटे फुटणारे तडे ते सहज दाखवतात, आणि दोघांनाही ती लांबी हातानेच द्यावी लागते. तुळईच्या कामाला त्यांची गरज नाही.

सगळी जेटी दगड-दगड करून मांडायची मात्र नाही. जिथे तडा जाणार तेवढा भाग, समजा ३०० मिमीचा पट्टा, दगडांसह घ्या आणि बाकीची तुळई साध्या एलिमेंटमध्ये ठेवा. आणि एकच मांडणी करून थांबू नका. दगड टाकणं हा फाशांचा खेळ आहे; दर वेळी तडा वेगळ्या वाटेने जाईल. निदान वीस-तीस मांडण्या चालवा. तड्याची वाट प्रत्येक वेळी बदलली तरी चालेल, भाराचा पट्टा मात्र स्थिर व्हायला हवा. अहवालात तो पट्टा द्या. एकच वळणदार चित्र देऊन 'हाच तडा' म्हणणं म्हणजे बघणाऱ्याची फसवणूक आहे, मग ते चित्र प्रत्यक्ष तड्यासारखं कितीही दिसो.

गणित मध्येच अडकतं अशी तक्रारही तुम्ही केली होती. भार वाढवत नेलात तर शिखराच्या पुढे जाताच येणार नाही, कारण त्याहून जास्त भार तुळई घेऊच शकत नाही. खाच असलेल्या तुळईत भेगेच्या तोंडाची रुंदी थोडी थोडी वाढवत चला, म्हणजे आलेख मागे वळला तरी गणित त्याच्यामागे जातं. आर्क-लेंग्थ पद्धतही (भार आणि हालचाल दोन्ही मिळून पायरी ठरवणारी) चालते, पण तडा एका बारीक जागेत साठलेला असताना ती चाचपडते. एक्सप्लिसिट पद्धतीने, म्हणजे काळाचे बारीक टप्पे घेत, हळू भार लावत असाल तर गतिज ऊर्जा एकूण आंतरिक ऊर्जेच्या पाच टक्क्यांच्या आत आहे हे तपासा. नाहीतर तुम्ही भार लावत नाही, तुळईवर हातोडा मारत आहात.

हे सगळं परदेशी लोकांनी परदेशी काँक्रीटसाठी केलेलं आहे असं वाटत असेल, तर जरा घाटमाथ्याकडे बघा. ज्या धरणाचं पाणी पोफळीला वीज करून वाशिष्ठीतून आपल्याकडे उतरतं, तेच कोयना धरण काँक्रीटच्या तड्यांच्या मॉडेलसाठी जगभर कसोटीचं उदाहरण मानलं जातं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा १०३ मीटर उंचीच्या या धरणाच्या उंच भागांना, माथ्यापासून सुमारे ३६ मीटर खाली, जिथे मागच्या बाजूचा उतार एकदम बदलतो तिथे आडवे तडे गेले. धक्क्याची नोंद धरणातच बसवलेल्या यंत्रावर झाली, म्हणून कोणतंही नवं मॉडेल त्यावर तपासता येतं: तीच हालचाल द्या आणि तडा त्याच जागी येतो का ते बघा. तिथे मोठ्या दगडांमुळे फ्रॅक्चर एनर्जी २०० न्यूटन प्रति मीटरच्या, म्हणजे ०.२ न्यूटन प्रति मिमीच्या, आसपास धरतात. ताकद २.९ आणि गुणांक ३०,००० धरला की ती लांबी साधारण ७१० मिमी येते. तुमच्या तुळईच्या दुप्पट. एलिमेंटची मर्यादा तिच्याही दुप्पट, म्हणजे सुमारे १.४ मीटर; धरणाच्या मॉडेलमध्ये दीड मीटरचे एलिमेंट घेणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा.

आता फ्रॅक्चर एनर्जीचा आकडा आणायचा कुठून? सूत्रं आहेत, पण ती एकमेकांशी जुळत नाहीत. युरोपातल्या १९९० च्या मॉडेल कोडने (काँक्रीटची नमुना नियमावली), १६ मिमी खडी धरून, तुमच्या काँक्रीटला साधारण ०.०६८ येतात, २०१० च्या मॉडेल कोडने ०.१३६. बरोबर दुप्पट. (दोन्ही सूत्रं सिलिंडरच्या सरासरी ताकदीवर आहेत, मी ती ३२ धरली आहे, क्यूबचा आकडा घालू नका.) मी वर ०.१ घेतला तो या दोघांच्या मधला म्हणून. निर्णय यावर अवलंबून असेल तर चाचणी करा. रिलेम या आंतरराष्ट्रीय संस्थेची १९८५ ची पद्धत सोपी आहे. १६ मिमीपर्यंतच्या खडीला १०० बाय १०० ची, ८४० मिमी लांब तुळई, ८०० मिमीच्या अंतरावर दोन टेकू, मध्यभागी खालून निम्म्या खोलीपर्यंत करवतीची खाच. तुमची खडी २० ची असेल तर मोठा नमुना, २०० मिमी खोल आणि ११९० मिमी लांब. तुळई अगदी हळू वाकवायची, भार आणि खाली झुकणं नोंदवत राहायचं, दोन तुकडे होईपर्यंत. आपल्याकडच्या बऱ्याच मशीनवर तुळई शिखरावरच फाट्‌दिशी मोडते आणि आलेखाची शेपटी, म्हणजे हवी ती माहिती, हातातून जाते. म्हणून हालचालीवर नियंत्रण असलेलं मशीन शोधा. तुळईच्या स्वतःच्या वजनाने केलेलं कामही ऊर्जेत मिळवायचं असतं. वीस किलोची ती छोटी तुळईसुद्धा ते विसरू देत नाही.

शेवटी तुमच्या जेटीबद्दल. तुम्ही पाठवलेल्या वर्णनात भेग तुळईच्या खालच्या तोंडाला, लांबीच्या दिशेने आहे आणि तिच्या कडेला तपकिरी ओघळ आहे. ही वाकण्याची भेग नाही. वाकण्याची भेग सळईला आडवी जाते, ही सळईच्या बाजूने चालली आहे. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात खारं पाणी रोज भिजवतं आणि रोज सुकतं, क्लोराइड आत जातं, सळई गंजते. गंज लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा घेतो आणि कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, आतून फोडतो. सळईचे काही दहा मायक्रॉन गंजले तरी तेवढं पुरतं. त्या तुळईचं मॉडेल करायचं तर वरचा भार बाजूला ठेवा, सळईच्या भोकात आतून बाहेर दाब द्या आणि कव्हरचा भाग खडीसकट मांडा. एक खबरदारी घ्या. पहिला गंज सळईभोवतीच्या पोकळ जागेत आणि नंतर भेगेत मुरतो; सगळाच्या सगळा दाब म्हणून लावलात तर तडा खऱ्यापेक्षा फार लवकर येईल. वाळू खाडीची होती का आणि धुतली होती का, हेही जुन्या कागदांत शोधा. आयएस ४५६ मध्ये सळई असलेल्या काँक्रीटसाठी घनमीटरमागे ०.६ किलो क्लोराइडची मर्यादा आहे; खाऱ्या वाळूने बांधकामाच्या दिवशीच ती ओलांडलेली असू शकते.

येत्या अमावास्येच्या ओहोटीला होडी घेऊन खालून जा. उधाणाच्या दिवशी पाणी सगळ्यांत खाली जातं, तुळईचं पोट तेव्हाच हाताला लागतं. कालवं खरवडून काढा, छोट्या हातोडीने सळईच्या रेषेवर ठोकत चला आणि आवाज बद्द येतो तिथे खडूने खूण करा. भेगेची रुंदी कार्डाने तीन ठिकाणी मोजा: टोकाला, मधोमध आणि जिथे ओघळ सर्वांत गडद आहे तिथे. पट्टीने कव्हरही मोजा. भरतीच्या पट्ट्यात ७५ मिमी हवं असतं, प्रत्यक्षात किती आहे ते लिहून घ्या. हे आकडे आले की मॉडेलमधल्या दाबाला काहीतरी आधार मिळेल.